टुमदार गावांची लोकस्थिती

मराठी प्रवासवर्णनात इंग्लंडमधलं खेडं आलं की पुढची चार पानं कशी जाणार, हे मला आता पाठ झालं आहे. गाडी लंडनच्या वाहतुकीतून सुटते. दोन्ही बाजूंना हिरवे चढउतार, त्यांवर कापसाच्या बोंडांसारख्या मेंढ्या. मग एक वळण, दगडी पूल, आणि पुलापलीकडे ‘काळ थांबलेलं’ गाव. मधाच्या रंगाची घरं, दारावर गुलाबाचा वेल, ओढ्यात बदकं. रस्त्यावर माणूस नाही. लेखक चहाच्या दुकानात शिरतो, स्कोनवर आधी साय की आधी जॅम यावर एक विनोद होतो, आणि परतीच्या वाटेवर उसासा येतो : आपल्याकडे असं का नाही?

दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत असे लेख मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. आवडीनं वाचत आले आहे, हेही सांगते. त्यांच्याविषयीची माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. तो शब्द ‘शांत’. गाव शांत आहे असं लिहिलं की लिहिणाऱ्याचं कुतूहल तिथेच संपतं. हीच गोष्ट आपण शहराबाबत करत नाही. एखाद्या भर बाजारात कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता एकही माणूस दिसला नाही तर आपण पहिल्यांदा विचारू, ‘काय झालं? बंद आहे का?’ खेड्याबाबत मात्र रिकामा रस्ता हा त्याचा स्वभावगुण ठरतो.

माझी भाची स्विंडनला नोकरी करते. गेल्या वर्षी सप्टेंबरात तिच्या गाडीनं आम्ही दोघी चार दिवस कॉट्सवोल्ड्स आणि तिथून दक्षिणेला डॉर्सेट असं फिरलो. जाताना पिशवीत तीन-चार मराठी लेखांची कात्रणं होती. गाव बघायचं, मग संध्याकाळी त्यावरचा लेख वाचायचा, असा आमचा क्रम होता. हा मजकूर त्या वाचनातून आला आहे.

सुरुवात सगळे करतात तिथूनच आम्ही केली, बायबरीपासून. कोल्न नदीच्या काठची आर्लिंग्टन रो ही घरांची रांग ब्रिटिश पासपोर्टच्या पानावरही छापली गेली होती. म्हणजे इंग्लंडनं स्वतःचं चित्र म्हणून ती निवडली होती. ही रांग मुळात घरं नव्हतीच. १३८० च्या सुमारास मठाची लोकर साठवायचं कोठार म्हणून ती बांधली गेली. सतराव्या शतकात कोठाराचे गाळे पाडून त्यात विणकर राहायला आले. समोर नदीच्या दोन प्रवाहांमध्ये पाणथळ कुरण आहे, त्याचं नाव रॅक आयल. जवळच्या गिरणीत कुटून दाट केलेलं कापड या कुरणात लाकडी चौकटींवर, म्हणजे रॅकवर, ताणून वाळत घालत. आज तिथे बदकं आणि पाणगवत आहे. आमच्याकडच्या तीनही कात्रणांत बदकं होती. चौकटींचा उल्लेख एकातही नव्हता, आणि कुरणाचं नाव तर पाटीवर लिहिलेलं आहे!

आता या कल्पनेनं कान द्यावा. हातमागांची खटखट, कापड कुटणाऱ्या लाकडी घणांचा दणका, ओल्या लोकरीचा आणि ती धुवायला वापरत त्या शिळ्या लघवीचा वास. हे गाव शतकानुशतकं कारखाना होतं. कॉट्सवोल्ड्समधली जवळजवळ सगळी देखणी गावं अशीच लोकरीच्या पैशावर उभी राहिली. चिपिंग कॅम्डनच्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याचा पितळी पत्रा जमिनीत बसवलेला आहे. १४०१ मध्ये गेलेल्या या माणसाला त्यावर साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल म्हटलं आहे. पुढे विणकाम स्ट्राउडच्या खोऱ्यांत एकवटलं. तिथली लाल बनात ब्रिटिश सैन्याच्या डगल्यांना जाई आणि ग्लॉस्टरशरचं कापड ईस्ट इंडिया कंपनीही खरेदी करी. जुन्या मराठीत ‘बनात’ आणि ‘सकलाद’ हे शब्द येतात तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दरबार येतो. ज्या कुरणांत असलं कापड वाळत असे ती कुरणं आपण ‘निसर्ग’ म्हणून बघून येतो.

मग वाफेची यंत्रं आली, यॉर्कशरच्या गिरण्या पुढे गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकात इथला धंदा बसला. १८२५ मध्ये स्ट्राउडच्या विणकरांनी मजुरीसाठी संप केला होता. त्यानंतरच्या काही दशकांत मागच थांबत गेले. लोक शहरांकडे आणि समुद्रापार गेले. जे राहिले त्यांच्याकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसा नव्हता. गावं जशीच्या तशी राहिली याचं पहिलं कारण हे. जपणूक, अभिरुची, इंग्रजांचं परंपराप्रेम हे सगळं नंतर आलं. विल्यम मॉरिस १८७१ मध्ये जवळच्या केल्म्स्कॉटला घर भाड्यानं घेतो आणि बायबरीचं कौतुक करतो, तेव्हा तो ज्या सौंदर्याकडे बघत असतो ते बऱ्याच अंशी गरिबीनं राखलेलं असतं. मॉरिसला हे कळत होतं, तो समाजवादी होता. त्याच्या वाटेनं जाणाऱ्या सी. आर. ॲश्बीनं तर १९०२ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधून आपली कारागीर मंडळी, बायकापोरांसह, चिपिंग कॅम्डनला आणून वसवली. गावात पुन्हा हातोड्यांचे आवाज सुरू व्हावेत म्हणून! हा डाव पाच-सहा वर्षांतच आर्थिकदृष्ट्या कोसळला. पण मला तो मनापासून आवडतो, कारण शांतता हा गावाचा आजार आहे असं निदान करणारा तो एक माणूस होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता रचलेल्या दगडी भिंती मैलोन्‌मैल जातात. कोकणात आपण याला गडगा म्हणतो. एका लेखात या भिंतींना ‘अनादि’ म्हटलं होतं. त्यांतल्या बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. पार्लमेंटनं एकामागून एक कायदे करून गावोगावची गायरानं आणि सामाईक शेतं खासगी मालकीत वाटली, आणि नव्या मालकांनी आपापली हद्द या गडग्यांनी बांधून घेतली. ज्याच्याकडे दोन मेंढ्या आणि गायरानावर चारायचा हक्क एवढंच होतं, तो शेतमजूर झाला. महाराष्ट्रात गायरानाचा प्रश्न काय असतो हे ठाऊक असलेला मराठी लेखक इथे थांबायला हवा होता. तो फोटो काढून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जे पाहिलं ते कात्रणांत नव्हतंच. स्टो-ऑन-द-वोल्डपासून थोड्या अंतरावर डेल्सफर्ड नावाचं इवलंसं गाव आहे. आजकाल ते ऑरगॅनिक फार्मशॉपसाठी ओळखलं जातं. तिथल्या पावाची किंमत बघून भाचीनं पाव परत ठेवला. गावात चर्च आहे आणि चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जची कबर. हेस्टिंग्ज घराण्याची ही वडिलोपार्जित जागा त्याच्या जन्माआधीच हातातून गेली होती. ती परत मिळवायची हे लहानपणापासूनचं वेड, असं तो म्हातारपणी सांगत असे. १७८५ मध्ये भारतातून परतला, १७८८ मध्ये त्यानं डेल्सफर्ड विकत घेतलं. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये त्याच्यावरचा महाभियोग उभा राहिला, सात वर्षं चालला, १७९५ मध्ये तो सुटला. म्हणजे भारतातल्या कारभाराचा जाब लंडनमध्ये विचारला जात होता आणि तेव्हाच त्या कारभारातून आलेल्या पैशातून इथे घर उभं राहत होतं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातला हा गव्हर्नर जनरल; सालबाईचा तह (१७८२) त्याच्याच कारकिर्दीतला. तो गेला २२ ऑगस्ट १८१८ ला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावानं माल्कमपुढे शरणागती पत्करली होती. कबरीपाशी कोणी नव्हतं. मराठी वाचकाला ‘शांत’ हा शब्द वापरायचाच असेल तर त्यानं तो इथे, हे सगळं आठवून वापरावा.

डेल्सफर्डचं घर बांधणारा वास्तुविशारद सॅम्युअल पीप्स कॉकरेल. त्याचा भाऊ चार्ल्स बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत पैसा मिळवून आला आणि काही मैलांवरच्या सेझिनकोटमध्ये त्याच्यासाठी सॅम्युअलनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे उभारलं, ते बघून आम्ही दोघी फाटकातच हसत सुटलो. ग्लॉस्टरशरच्या ओल्या हिरव्या उतारावर मुघल वाडा! तांब्याचा, आता हिरवा पडलेला कांदेघाटी घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, खोल छज्जे, कमानी. बागेत सूर्यदेवाचं छोटं देऊळ, पुलाच्या कठड्यावर नंदी. बागेच्या रचनेत थॉमस डॅनियलचा हात होता. त्यानं आणि त्याच्या पुतण्यानं भारतभर फिरून काढलेली चित्रं तेव्हा इंग्लंडात गाजत होती. घराच्या आत गेलं की मात्र सगळं शुद्ध इंग्लिश अभिजात शैलीत. भारत फक्त बाहेरून चढवलेला.

ही वास्तू मला परदेशप्रवासावरच्या मराठी लेखनाची प्रतिमाच वाटली, आरसा धरल्यासारखी उलटी. कॉकरेलनं आपल्या घराला हिंदुस्थानचा दर्शनी भाग लावला आणि आतलं जगणं होतं तसंच ठेवलं. आपले लेखक इंग्लंडचा दर्शनी भाग मराठीत आणतात आणि आतलं तिथेच ठेवून येतात. कॉकरेलकडे निदान छत्री, छज्जा, घुमट यांची बिनचूक मापं होती. आपल्याकडे ‘टुमदार’, ‘चित्रातल्यासारखं’ आणि ‘परीकथेतलं’ एवढंच असतं.

चित्रातल्यासारखं म्हणायचंच तर कॅसल कूम बघावं. १९६० च्या दशकात ‘डॉक्टर डूलिटल’ या चित्रपटाच्या चित्रणासाठी या गावाचं समुद्रकाठचं बंदर करायचं ठरलं. ओढा अडवायला काँक्रीटचा बांध घातला. रॅनुल्फ फाइन्स नावाचा सैन्यातला तरुण अधिकारी, जो पुढे ध्रुवप्रदेशाच्या मोहिमांसाठी प्रसिद्ध झाला, त्याला या विद्रूपीकरणाचा इतका राग आला की त्यानं तो बांध सुरुंगानं उडवायचा घाट घातला आणि पकडला गेला. शिक्षा झाली ती त्याला. गाव मात्र पुढेही चित्रपटांत जात राहिलं. तिथून जवळ लेकॉक आहे. जवळजवळ संपूर्ण गाव १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचं, म्हणून जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांपासून हॅरी पॉटरपर्यंत सगळ्यांच्या कामी येणारं. याच लेकॉक ॲबीतल्या एका खिडकीचं निगेटिव्ह हेन्री फॉक्स टॅलबटनं १८३५ मध्ये तयार केलं, जगातल्या सर्वांत जुन्या उरलेल्या निगेटिव्हांपैकी एक. फोटो ज्या गावात जन्मला ते गाव आता फोटोत दिसावं तसं राखलं जातं, यापेक्षा जास्त काही सुचलं नाही म्हणून आम्ही तिथून लवकर निघालो.

या गावांमागे कायदा आहे हेही सांगायला हवं, कारण ‘आपल्याकडे असं का नाही’ या उसाशाला तिथे खरं उत्तर मिळतं. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून ऐतिहासिक इमारतींची सरकारी यादी आहे. यादीतल्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागते. १९६७ च्या कायद्यानं सबंध परिसर संरक्षित करायची सोय केली. कॉट्सवोल्ड्सना १९६६ पासून निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून वेगळा दर्जा आहे. हे हेवा करण्यासारखं आहे आणि मी तो करते. वाईचा किंवा नाशिकचा नदीकाठ ज्यानं पाहिला आहे त्यानं करावाच. पण कायदा भिंती राखतो, भिंतीआड कोण राहतं हे ठरवत नाही. ते बाजार ठरवतो. विणकराची दोन खोल्यांची झोपडी आज लंडनच्या पैशाशिवाय परवडत नाही. अनेक घरं शनिवार-रविवारपुरती उघडतात किंवा पर्यटकांना भाड्यानं दिली जातात. दुपारी रस्ता रिकामा का, याचं हे साधं उत्तर. मालक तिथे नाहीत, आणि जे पबच्या स्वयंपाकघरात भांडी घासतात किंवा एकट्या म्हाताऱ्यांची आंघोळ-औषधं बघतात, ते गावात राहू शकत नाहीत. ते गाडीनं येतात आणि जातात. स्विंडन बायबरीपासून तासाभराच्याही आत आहे. त्या शहरात गोव्याहून, पोर्तुगीज पासपोर्टवर, आलेल्यांची मोठी वस्ती आहे. भाचीच्या गल्लीत संध्याकाळी कोकणी ऐकू येते. कॉट्सवोल्ड्सवरचे मराठी लेख स्विंडनला बायपासनं टाळतात.

खरं तर या भागात मराठी लेखणी फार पूर्वी पोचली होती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज या लहानशा बाजारगावातल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथेच २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगतांनी त्याआधी तिथेच आत्महत्या केली होती. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या, १८८६ पर्यंत शिकल्या, शिकवलं. चेल्टनहॅम म्हणजे कॉट्सवोल्ड्सचा पायथा. या काळातली त्यांची पत्रं वाचली की वाँटेजची शांतता अजिबात शांत राहत नाही : मठातल्या आपल्या धर्ममातेशी त्या श्रद्धेवरून, अधिकारावरून, मुलीच्या वाढवणुकीवरून मुद्देसूद भांडत असतात. नंतर अमेरिकेवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं (१८८९) त्याचं नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. शब्दांचा क्रम बघा. आधी लोकस्थिती, मग प्रवास. हे नाव मला मराठी प्रवासलेखनाची सगळ्यात थोडक्यात केलेली व्याख्या वाटतं, आणि आपण ती अर्धी गमावली आहे. पुलंच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) निदान माणसं होती, बोलत होती. तिचं अनुकरण करणाऱ्यांनी विनोद उचलला, माणसं सोडून दिली. आता तर माणूस चौकटीत आला की फोटो बिघडतो.

डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबस आहे. उतारावरून खाली जाणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवळीमागे एकसारखी पांढरी, गवतानं शाकारलेली घरं. इतकी एकसारखी की आपल्याला म्हाडाची आठवण व्हावी. आमच्याकडच्या लेखात हे ‘इंग्लंडमधलं अस्सल जुनं खेडं’ होतं. जोसेफ डेमर नावाच्या जमीनदाराला आपल्या वाड्याच्या खिडकीतून दिसणारं मिडल्टन हे नांदतं बाजारगाव नको होतं. १७७० च्या दशकात त्यानं घरांचे करार संपतील तसतसं ते पाडत नेलं आणि काही कुटुंबांना डोंगराआड या नव्या वसाहतीत हलवलं. बाहेरून एक दिसणाऱ्या घरात आत दोन कुटुंबं. जिथे गाव होतं तिथे आता गवताचा उतार आहे. ऑलिव्हर गोल्डस्मिथची उजाड गावावरची प्रसिद्ध कविता १७७० ची. अशा प्रकारांची तेव्हा इंग्लंडात चर्चा होती.

आपल्या संगमेश्वर-राजापूरकडच्या वाड्यांतही दुपारी कोणी नसतं. घरं बंद, अंगणात पाचोळा, मुंबईहून माणसं गणपतीला येणार. त्यांना आपण शांत म्हणत नाही, ओसाड म्हणतो. तिथे आपल्याला कारण माहीत असतं.

शेवटच्या दिवशी आम्ही टाइनमला गेलो. डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळचं हे गाव डिसेंबर १९४३ मध्ये सैन्यानं रणगाड्यांच्या सरावासाठी रिकामं करून घेतलं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. जाताना कोणीतरी चर्चच्या दाराला चिठ्ठी लावली होती : आमची घरं नीट वापरा, आम्ही परत येऊ. त्यांना परत येऊ दिलं नाही. १९४८ मध्ये जमीन सक्तीनं संपादित झाली आणि आजही ती लष्कराकडे आहे. सराव नसतो त्या शनिवार-रविवारी लोकांना सोडतात. छपरं नसलेल्या घरांत माहितीचे फलक आहेत, कुठल्या घरात कोण राहत होतं ते सांगणारे. चार दिवसांत रहिवाशांची नावं मला इथेच वाचायला मिळाली, म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ इथे काढला. लेख मनात तयार होत होता : युद्धानं, सरकारनं एक गाव मारलं.

शाळेची खोली मात्र नीट राखली आहे. बाकं, खुंट्यांवर मुलांची नावं, निसर्गाच्या अभ्यासाच्या वह्या. भाची दाराजवळचा फलक वाचत होती. ती म्हणाली, ‘मावशी, शाळा सैन्य यायच्या आधीच बंद झाली होती गं. एकोणीसशे बत्तीस. पट कमी पडला म्हणून.’